जुनी १३० एमबी हार्ड डिस्क दिसते पण सुरू होत नाही: सिलिंडर, हेड, सेक्टर नेमके कोणते भरायचे?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कोणी सल्ला देऊ शकणार नाही.

चिपळूणला आमचा छोटा छापखाना होता. १९९४-९५ मध्ये बाबांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती तिथेच संगणकावर जुळवली. मुद्रिते तपासून झाली, वंशवृक्ष लावून झाले, पण वर्गणी पुरेशी जमली नाही आणि छपाई राहून गेली. तपासलेली मुद्रिते तळमजल्यावरच्या कपाटात होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला. आता ती जुळणी फक्त त्या एका डिस्कवर आहे.

मशीन ३८६, विंडोज ३.१, पेजमेकर ५, मराठीसाठी श्रीलिपी. आतापर्यंत काय झाले ते सांगतो.

३८६ उघडले तर बोर्डावरची निळी बॅटरी फुटून हिरवट थर पसरलेला. बोर्ड चालूच होत नाही. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावली. फिरण्याचा आवाज येतो, पण लॅपटॉपला काहीच दिसत नाही. मग मित्राकडून १९९७ चा पेंटियम आणला. त्यावर आधी 'प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल' असे आले. जंपर स्लेव्हवर होता, तो मास्टरवर केल्यावर ऑटो डिटेक्शनमध्ये डिस्क दिसली. डिस्कवरची जागा मोजायचे तीन आकडे आले: सिलिंडर १००१, हेड १५, सेक्टर १७, क्षमता १३० एमबी, मोड नॉर्मल. डिस्कच्या लेबलवरही हेच आकडे छापलेत. आकडे साठवून मशीन परत सुरू केले तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम'.

डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू करून एफडिस्कमध्ये (डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचा प्रोग्रॅम) फक्त पाहिले. एक प्रायमरी डॉस पार्टिशन दिसते, ११६ एमबी. काहीही बदललेले नाही. पुढे काय करू?

तापकीरगल्ली | शनिवार, रात्री ९.४०

लेबल आणि ऑटो डिटेक्ट जुळतात म्हणजे बायोसची (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) बाजू स्वच्छ आहे. बूट सेक्टर गेला असणार. फ्लॉपीवरून एफडिस्क स्लॅश एमबीआर चालवा, मग सिस सी. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच डिस्क यावर उठल्यात.

मुक्ता_प | शनिवार, रात्री ९.४८

वाशिष्ठीकाठ, कृपा करून काहीही चालवू नका. एफडिस्क, सिस, स्कॅनडिस्क, काहीच नको. मशीन बंद करा. जेवून येते आणि नीट लिहिते.

मुक्ता_प | शनिवार, रात्री १०.५५

नव्वदच्या दशकात मी सहा वर्षे सर्व्हिस इंजिनीअर होते, म्हणून असा तुटक निरोप टाकला. आता कारण सांगते.

तुमच्याच पोस्टमध्ये एक आकडा बोलतोय. बायोस १३० एमबी म्हणते आणि एफडिस्क ११६. यातला काही फरक मोजपट्टीचा आहे: बायोस दहा लाख बाइटचा एमबी धरते, एफडिस्क १०,४८,५७६ बाइटचा. पण १००१ × १५ × १७ म्हणजे २,५५,२५५ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, हे एफडिस्कच्या मापाने १२४.६ एमबी होतात. तरी जवळपास ९ एमबी कमी पडतात. पूर्ण डिस्कचे एकच पार्टिशन करणारा माणूस ९ एमबी उगाच सोडत नाही, १९९४ मध्ये तर नाहीच. म्हणजे ज्याने पार्टिशन केले त्याच्यापुढे डिस्कचे आकडे वेगळे होते. तुमची डिस्क १००१-१५-१७ वर पार्टिशन झालेलीच नाही, असे मला वाटते.

आता हे कसे शक्य आहे? तुमच्यासारख्या आयडीई जातीच्या डिस्कच्या लेबलवरचे आकडे हे खरे आतले मोजमाप नसते. आत तबकड्या दोन-तीन असतात, १५ हेड बसायला जागाच नाही. शिवाय बाहेरच्या वर्तुळांवर सेक्टर जास्त आणि आतल्यांवर कमी असतात, त्यामुळे 'दर ट्रॅकला १७' हेही सोयीसाठीच. डिस्क सगळे सेक्टर एका ओळीत मोजते. सुरू होताना बायोस तिला सांगते, 'मी तुझ्याशी इतके हेड आणि इतके सेक्टर धरून बोलणार', आणि डिस्क ते मान्य करते. एकूण गुणाकार क्षमतेत बसला की झाले. सेटअपमध्ये, म्हणजे बायोसच्या नोंदींत, दुसरेच आकडे भरलेले असतील तर डिस्क त्या आकड्यांनी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते.

गडबड होते ती बॅटरी संपून ते आकडे पुसले जातात तेव्हा. पत्ता शोधायचा हिशोब असा: सिलिंडरला हेडसंख्येने गुणा, हेडचा क्रमांक मिळवा, त्याला दर ट्रॅकच्या सेक्टरसंख्येने गुणा, आणि त्यात सेक्टरचा क्रमांक वजा एक मिळवा. पहिला सेक्टर म्हणजे सिलिंडर ०, हेड ०, सेक्टर १. कुठलेही आकडे भरा, तो शून्यावरच येतो. म्हणून तुमच्या मशीनने तो वाचला, पार्टिशनचा तक्ताही दिसला. पण पार्टिशन सुरू होते सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १ वर. १७ सेक्टर धरले तर तो ओळीतला १७ वा, २६ धरले तर २६ वा, ६३ धरले तर ६३ वा. मशीन १७ व्या जागी गेले, तिथे कोरी जागा सापडली, शेवटची ठरलेली खूण सापडली नाही, आणि ती ओळ आली. ऑपरेटिंग सिस्टम हरवलेली नाही, मशीन चुकीच्या दारावर उभे आहे.

तापकीरगल्ली, तुमचा उपाय बूट सेक्टर खरोखर बिघडला असेल तेव्हा चालतो. इथे सिस किंवा स्कॅनडिस्कला डिस्कवर लिहू दिले तर ते चुकीच्या जागी लिहितील, आणि आता शाबूत असलेली फाइलींची नोंद खरोखर फाटेल.

लॅमिंग्टनकर | शनिवार, रात्री ११.२०

मुक्ताताईंशी शंभर टक्के सहमत. त्या काळच्या बायोसमध्ये डिस्कचे ठरलेले प्रकार असत. १९८४ च्या आयबीएम एटीत ते चौदाच होते, पुढे क्लोन मशीनमध्ये ४६ पर्यंत गेले आणि ४७ वा प्रकार म्हणजे 'स्वतः आकडे भरा'. आमच्या दुकानात भिंतीला डिस्कच्या आकड्यांची झेरॉक्स चिकटवलेली असे. २ नंबर म्हणजे ६१५-४-१७, वीस एमबी. १७ नंबर म्हणजे ९७७-५-१७, चाळीस एमबी. ज्या बायोसमध्ये ४७ नंबर नसे तिथे क्षमतेपेक्षा किंचित लहान प्रकार निवडायचा आणि पुढे जायचे. गिऱ्हाइकाची दोन-चार एमबी जात, पण मशीन चालू होई.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. चांगले कारागीर आकडे तिथे मार्करने लिहून ठेवत.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ११.३४

मशीन बंद केले आहे. मुक्ताताई, मनापासून आभार. झाकण तपासले, काही लिहिलेले नाही. लेबलवरचे आकडे चालत नाहीत तर खरे आकडे कळणार कसे? अंदाजाने एकेक भरून बघायचे का?

मुक्ता_प | शनिवार, रात्री ११.४१

अंदाज नको. ज्याने पार्टिशन केले त्याने आकडे डिस्कवरच लिहून ठेवलेत, पहिल्या सेक्टरमध्ये, ४४६ व्या बाइटपासून पुढच्या १६ बाइटमध्ये. ते १६ बाइट मला वाचून दाखवा. पण वाचायचे असे मशीन हवे की जे चुकूनही लिहिणार नाही.

जर्सीकर | रविवार, पहाटे ४.०५

इकडे संध्याकाळ आहे, म्हणून लगेच लिहितोय. जुनी मशीन जमवणे हा माझा छंद.

आधी यूएसबीचे कोडे: तुमचा अडॅप्टर बिघडलेला नसावा. बहुतेक यूएसबी अडॅप्टर डिस्कशी फक्त एलबीए पद्धतीने बोलतात, म्हणजे 'अमुक क्रमांकाचा सेक्टर दे'. १९९०-९३ च्या बऱ्याच डिस्कना ती भाषाच येत नाही, त्या सिलिंडर-हेड-सेक्टरच समजतात. अडॅप्टर विचारतो, डिस्क नकार देते, आणि लॅपटॉपवर काहीच उमटत नाही. अशा कित्येक चांगल्या डिस्क लोकांनी मेलेल्या समजून भंगारात टाकल्यात, फार वाईट वाटते.

उपाय: बोर्डावरच ४० पिनांचा आयडीई सॉकेट असलेले २००३-०५ चे मशीन शोधा. त्यावर लिनक्सची लाइव्ह सीडी चालवा. लिनक्सला या जुन्या डिस्कशी त्यांच्या भाषेत बोलता येते. डिस्क माउंट करू नका, म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडायला जोडू नका. आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे सेक्टरवार नक्कल, पेनड्राइव्हवर घ्या. मग सगळे प्रयोग प्रतिमेवर, मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात.

केबलची लाल कडा पहिल्या पिनकडे, म्हणजे बहुतेक डिस्कवर वीज जोडणीच्या बाजूला. त्या केबलवर दुसरे काही लावू नका. त्या वर्षांतल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एका केबलवर सहसा नांदत नाहीत. आणि थंड सुरुवातीला डिस्क दिसली नाही तर घाबरू नका, ती वेग घ्यायच्या आतच बायोस विचारून मोकळे झालेले असते. कंट्रोल-आल्ट-डिलीट करा, दुसऱ्या वेळी सापडते.

निवांत | रविवार, सकाळी ८.३०

धागा फारच उपयोगी. माझाही एक प्रश्न याच जातीचा, विचारू का? ४८६ मध्ये ५४० एमबी डिस्क लावली, लेबलवर १०४८-१६-६३. बायोस ५०४ च्या पुढे जातच नाही. मोड निवडायची सोयही नाही.

जर्सीकर | रविवार, सकाळी ८.५२

ही त्या काळातली सर्वांत प्रसिद्ध भिंत. बायोसच्या हिशोबात सिलिंडरला १० बिट, म्हणजे १०२४ पर्यंतच जागा. आयडीईच्या हिशोबात हेडला ४ बिट, म्हणजे १६ च. दोन्हीकडची कमी मर्यादा धरली की १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे तुमचे ५०४ एमबी. तुमची डिस्क फक्त २४ सिलिंडरांनी भिंतीबाहेर आहे.

पुढच्या बायोसमध्ये लार्ज आणि एलबीए हे मोड आले ते यासाठीच: सिलिंडर निम्मे करायचे, हेड दुप्पट सांगायचे. तुमची डिस्क त्यांत ५२४-३२-६३ अशी दिसली असती. तुमच्याकडे तीन वाटा. १०२४-१६-६३ भरा आणि उरलेल्या १२ एमबीचा नाद सोडा. किंवा ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर, ईझी-ड्राइव्ह असले सॉफ्टवेअर टाका, पण मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की पार्टिशन सापडत नाही, कारण ते स्वतः डिस्कच्या सुरुवातीला बसून बाकीचे सरकवते. मी स्वतः एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस वापरतो. मोफत आणि मुक्त स्रोत आहे. जुन्या नेटवर्क कार्डावरच्या बूट रॉमच्या रिकाम्या सॉकेटमध्ये चिप बसवायची, ती सुरुवातीलाच डिस्कचा ताबा घेते.

डिस्कवर आधीचा डेटा असेल तर मोड बदलण्याआधी प्रतिमा घ्या. वर जे घडलेय तेच तुमच्याकडे घडू शकते.

निवांत | रविवार, सकाळी ९.१०

डेटा नाही, कोरीच आहे. पहिली वाट धरतो. आणि २० जीबीच्या डिस्कवर १६३८३-१६-६३ लिहिलेय, ते तर साडेआठ जीबीच होतात ना? लेबल चुकीचे आहे का?

मुक्ता_प | रविवार, सकाळी ९.२५

लेबल बरोबर आहे. ८.४ जीबीच्या वरच्या सगळ्या डिस्क तेच आकडे सांगतात. तिथून पुढे सिलिंडर-हेड-सेक्टर संपले, खरी क्षमता एलबीएच्या वेगळ्या रकान्यात असते. बायोस तो रकाना वाचत नसेल तर ८.४ वर अडकते. त्यापुढच्या भिंती ३३.८ जीबी आणि १३७ जीबी. पण हे वेगळ्या धाग्यात घेऊ, इथे चिपळूणची डिस्क महत्त्वाची.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी ४.१८

दुकानातल्या जुन्या पेंटियम ४ ला आयडीई सॉकेट निघाला. पहिल्यांदा डिस्क दिसली नाही, जर्सीकर म्हणाले तसे कंट्रोल-आल्ट-डिलीट केल्यावर दिसली. डीडीरेस्क्यू पूर्ण झाले. २,५५,२५५ पैकी ११ सेक्टर वाचता आले नाहीत, तिसऱ्या फेरीत त्यातले ४ मिळाले. मूळ डिस्क काढून ठेवली आहे.

ते १६ बाइट:

८० ०१ ०१ ०० ०६ ०७ ए७ एफ८ २७ ०० ०० ०० ५१ ९एफ ०३ ००

मुक्ता_प | रविवार, दुपारी ४.५०

सुंदर. सगळे इथेच आहे. बाइट षोडशमान पद्धतीत आहेत, एकेक वाचू.

८० म्हणजे बूट होणारे पार्टिशन. पुढचे ०१ ०१ ०० म्हणजे सुरुवात हेड १, सेक्टर १, सिलिंडर ०. ०६ म्हणजे ३२ एमबीहून मोठे फॅट १६ (डॉसची फाइली नोंदायची पद्धत). आता खरी गंमत, शेवटचा पत्ता: ०७ ए७ एफ८. शेवटचे हेड ७, मोजणी शून्यापासून, म्हणजे एकूण हेड ८. ए७ चे बिट पाडा: १०१००१११. खालचे सहा, १००१११, म्हणजे ३९. सेक्टरची मोजणी एकपासून, म्हणून सेक्टर ३९. वरचे दोन बिट १० हे सिलिंडरचे, त्यांची किंमत ५१२. त्यात एफ८ चे २४८ मिळवले की शेवटचा सिलिंडर ७६०.

एफडिस्क पार्टिशन नेहमी सिलिंडरच्या शेवटच्या हेडच्या शेवटच्या सेक्टरवर संपवते, म्हणून हा शेवटचा पत्ता हाच जुन्या सेटअपचा दाखला. पडताळा घेऊ. पुढचे २७ म्हणजे दशमानात ३९: पार्टिशन ३९ व्या सेक्टरपासून सुरू. जुळले. शेवटचे चार बाइट उलटे वाचायचे: ०००३९एफ५१, म्हणजे २,३७,३९३ सेक्टर. ७६१ × ८ × ३९ = २,३७,४३२, त्यातून सुरुवातीचे ३९ वजा केले की २,३७,३९३. तंतोतंत. आणि ते होतात ११५.९ एमबी, तुम्ही एफडिस्कमध्ये पाहिलेले ११६.

तुमचे आकडे: सिलिंडर ७६२, हेड ८, सेक्टर ३९.

तापकीरगल्ली | रविवार, संध्याकाळी ५.०५

काल मी घाईने सल्ला दिला, तो मागे घेतो. इतकी वर्षे काम करून हे बाइट कधी वाचले नव्हते. एक शंका: शेवटचा ७६०, शून्यापासून मोजून ७६१ होतात. मग ७६२ का?

मुक्ता_प | रविवार, संध्याकाळी ५.१४

अगदी योग्य शंका. जुनी बायोस शेवटचा एक सिलिंडर चाचणीसाठी राखून ठेवत आणि डॉसला एक कमीच सांगत. सेटअपमध्ये ७६२ भरले की डॉसला ७६१ दिसतात. तसे पाहिले तर सिलिंडरचा आकडा पत्त्याच्या हिशोबात येतच नाही, तो फक्त डिस्क कुठे संपते ते सांगतो. हेड आणि सेक्टर चुकले तर मात्र सगळे विस्कटते. ७६२-८-३९ ही त्या काळातल्या १२० एमबी डिस्कची नेहमीची ओळख. तुमच्या १३० एमबी डिस्कवर ती का आहे हे मला सांगता येणार नाही.

वाशिष्ठीकाठ, प्रतिमेला तर बायोसची गरजच नाही. लिनक्समध्ये लूप पद्धतीने, फक्त वाचनासाठी, ऑफसेट (सुरुवातीचे सोडायचे बाइट) १९९६८ देऊन माउंट करा. ३९ गुणिले ५१२.

वाशिष्ठीकाठ | रविवार, संध्याकाळी ६.०२

उघडले.

सी ड्राइव्ह जसाच्या तसा. विंडोज, पेजमेकर, आणि 'कुळ' नावाची डिरेक्टरी. त्यात २३ फाइली, शेवटची १२ मार्च १९९५ ची. न वाचलेले ७ सेक्टर कुठे पडतात ते जर्सीकरांनी सांगितले तसे तपासले: दोन रिकाम्या जागेत, पाच एका लग्नपत्रिकेच्या फाइलीत. कुळच्या एकाही फाइलीत नाही.

जर्सीकर | रविवार, संध्याकाळी ६.२०

प्रतिमेच्या तीन प्रती करा, त्यातली एक चिपळूणबाहेर ठेवा. आज रात्रीच.

लॅमिंग्टनकर | रविवार, संध्याकाळी ७.४५

फार आनंद झाला. एक सांगतो: मजकूर आत्ताच्या संगणकावर उघडलात तर अगम्य अक्षरे दिसतील. त्या काळचे मराठी फाँट आठ बिटांचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास निसटतात. म्हणून आधी जुन्या मशीनवर मूळ पाने दिसतील अशी सोय करा, म्हणजे शेजारी ठेवून तपासता येतील. प्रिंटर पोर्टला लावायचे कुलूप जपून ठेवले आहे ना? ते नसेल तर श्रीलिपी सुरू होणार नाही.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

कुलूप बाबांच्या टेबलाच्या खणात सापडले, रबराने डायरीला बांधलेले.

काल मित्राने ४२० एमबीची एक जुनी डिस्क दिली. तिच्यावर प्रतिमा उतरवली, पेंटियमच्या सेटअपमध्ये प्रकार 'यूजर', मोड नॉर्मल, ७६२-८-३९ भरले. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' आले आणि सरळ विंडोजपर्यंत गेले. पेजमेकरमध्ये पहिले प्रकरण उघडले. आज बाबांना खुर्चीत बसवून दाखवले. त्यांनी आधी गोत्र-प्रवराचे पान काढायला सांगितले, तिथे एक काना राहिल्याचे त्यांना अजून आठवत होते. तो खरेच राहिला होता.

मग मी त्यांना ३९ चे विचारले. ते म्हणाले, ९३ च्या पावसाळ्यात आधीची डिस्क करकर वाजू लागली होती. रत्नागिरीहून माणूस आला, त्याने दुसरी डिस्क बसवली आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून तासाभरात निघाला. ती आधीची डिस्क बाबांनी टाकलेली नाही. माळ्यावर खिळ्यांच्या खोक्यात होती. लेबल पुसट झालेय, पण वाचता येते: १२० एमबी, ७६२, ८, ३९. त्या माणसाने फक्त डिस्क बदलली होती, सेटअपला हात लावला नव्हता.

हे तीन आकडे आता मार्करने कॅबिनेटच्या झाकणावर आतून लिहिलेत. फाँट रूपांतराचा धागा उद्या वेगळा काढतो. पहिल्या प्रकरणातली चार पाने तिथे टाकेन, रफार कुठे कुठे निसटतो ते बघायला मदत करा.